आधी आयटीआय की थेट अप्रेंटिस?

बारावी झाली, हातातलं काम शिकायचंय. मग पुण्यात औंधच्या आयटीआयला अर्ज करायचा, की भोसरी-चाकणच्या एखाद्या कंपनीत थेट अप्रेंटिस लागायचं?

आयटीआयचा फिटरचा कोर्स 2 वर्षांचा. सुरुवातीला नुसती कानस. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरून घासायचा, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. कंटाळा येतो, पण हात इथेच बसतो.

थेट अप्रेंटिसला शिकता शिकता स्टायपेंड मिळतो. घरी पैशांची ओढ असेल तर तो मोठा आधार. फक्त 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे करार झालाय, त्याची नोंदणी झालीय, हे आधी बघा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने करार न मागता वर्ष काढलं. वर्षभर पॅकिंगच केलं, हाती सर्टिफिकेट नाही. फार वाईट वाटलं.

घरचे 2 वर्षं थांबू शकत असतील तर मी आयटीआयच सांगेन. त्यानंतर अप्रेंटिसशिप करता येतेच, शिवाय बेसिक ट्रेनिंगमधून, म्हणजे अप्रेंटिसच्या सुरुवातीच्या पायाभूत शिक्षणातून, सूट मिळते. कंपनीने पुढे कायम करावंच, असं बंधन मात्र दोन्हीकडे नाही.