अंगाला कळणारी आग: बहुसंवेदी व्हीआर संच आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात आगीचा आभासी (व्हीआर) सराव देणारा हा संच येऊन आठ महिने झाले. मी प्रशिक्षक आहे. स्वतः तीसेक फेऱ्या केल्या असतील, पण बहुतेक वेळ गेला तो बाहेर उभं राहून, शिकाऊ जवानाला काय दिसतंय आणि त्याचं अंग काय करतंय हे एकाच वेळी बघण्यात. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं.

संच असा आहे: हेडसेट बीए सेटच्या (धुरात श्वास घेण्यासाठीच्या उपकरणाच्या) मास्कमध्येच बसवलेला, पाठीवर खऱ्या वजनाचा सिलिंडर, अंगात तापणारं जॅकेट, हातात ब्रांच, म्हणजे पाणी मारायची तोटी, आणि तिच्यामागे मोटर लावलेलं होज रील, म्हणजे पाण्याच्या नळीचं रीळ. पाणी सोडलं की रील मागे खेचतं. मास्कला श्वास मोजणारं यंत्र जोडलेलं आहे. कानात आगीचा घोंगाव आणि वायरलेसवरचं बोलणं, शिवाय एका डबीतून सुटणारे वास. दृश्याला वास, वारा आणि थरथर जोडण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकी चित्रपटकार मॉर्टन हाइलिग यांनी आपल्या सेन्सोरामा यंत्राचं पेटंट १९६२ मध्येच घेतलं होतं. आमच्या कामात मात्र सगळं उष्णतेवर येऊन थांबतं, म्हणून आधी जॅकेटबद्दल लिहितो.

जॅकेटमध्ये छाती, पाठ, खांदे आणि दंड इथे वेगवेगळे पट्टे आहेत, आणि ज्या बाजूला आग असेल त्याच बाजूचा पट्टा तापतो. दुसऱ्या महिन्यात एक मुलगा खोलीत शिरून समोरचा जाळ विझवण्यात इतका गढला, की छताखालचा धूर त्याच्या डोक्यावरून मागच्या बोळात सरकतोय हे त्याला दिसलंच नाही. आधी त्याचे खांदे तापले, मग पाठ. दचकून वळला, तर बाहेर पडायच्या दारावरच्या धुरात केशरी जिभा फिरत होत्या. हे चित्र मी कितीतरी वर्षं फळ्यावर काढत आलोय. तापलेल्या वायूंचा थर छताला धरून पसरतो, त्याचं तापमान ५०० ते ६०० अंशांच्या घरात गेलं की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळपास एकदम पेट घेतात, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, वगैरे. मुलं वहीत उतरवून घेतात. हा मुलगा मास्क काढून म्हणाला, "सर, पाठ तापली तेव्हा कळलं." पुढच्या फेरीपासून तो दर काही पावलांनी वर आणि मागे बघायला लागला. त्याला ते मला सांगावं लागलं नाही.

पण याच जॅकेटने मला सगळ्यात मोठी काळजीही लावली. माणसाच्या त्वचेला ४४ अंशांच्या आसपास वेदना सुरू होतात आणि ५५ च्या आसपास फोड येतात. जॅकेट साहजिकच त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. त्यामुळे एका जवानाने खांदे तापलेले असताना उभ्यानेच आग विझवली, आणि का वाकला नाहीस असं विचारल्यावर म्हणाला, "सोसवत होतं, सर." हे उत्तर ऐकून मी त्या दिवशीच्या उरलेल्या फेऱ्या रद्द केल्या. खऱ्या खोलीत असं उभं राहून सोसायला वेळच मिळत नाही. जॅकेटची उष्णता म्हणजे दिशा आणि वेळ सांगणारी खूण आहे, आगीचं मोजमाप नव्हे, हे आता मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो. खांदा तापला की गुडघ्यावर यायचं. उभा राहिला की फेरी तिथेच संपली.

जॅकेटची दुसरी चूक त्याहून वाईट. तापलेल्या वायूथरावर पाणी मारायचं ते थोडक्या वेळाच्या फवाऱ्यांनी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते, आणि ब्रांच उघडीच ठेवली तर ती वाफ खाली उतरून आपल्याच माणसांना भाजते. संचात काय होतं? पाणी जितकं जास्त, तितकं जॅकेट लवकर थंड. म्हणजे ज्या चुकीबद्दल शिक्षा व्हायला हवी, तिथे अंगाला आराम मिळतो. पडद्यावर पांढरी वाफ दिसते, धूर खाली येतो, दृश्य अगदी बरोबर आहे. पण जवान डोळ्यांपेक्षा पाठीवर विश्वास ठेवतो, आणि तो ठेवावा म्हणूनच तर हे जॅकेट घेतलं. बनवणाऱ्यांना आम्ही लेखी कळवलं आहे. दुरुस्ती अजून आलेली नाही. तोवर वायू थंड करण्याच्या सरावात मी जॅकेट बंद ठेवतो.

श्वास मोजणाऱ्या यंत्राबद्दल मात्र मला एकही तक्रार नाही. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला साधारण १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ४५ मिनिटं होतात, आणि तेवढाच वेळ हाताशी आहे असं समजून मुलं आत जातात. धावपळीत, घाबरून ८० लिटर ओढले तर तोच वेळ निम्मा होतो, आणि साधारण ५५ बारला हवा संपत आल्याची शिटी वाजायला लागते तेव्हा बाहेरची वाट लांब असते. इथे त्यांच्या खऱ्या श्वासावर आभासी सिलिंडर रिकामा होतो. फेरी संपल्यावर आलेख समोर ठेवला की कुठल्या वळणावर श्वास सुटला ते त्यांचं त्यांनाच दिसतं. जिना चढताना नव्हे, तर जोडीदार दिसेनासा झाल्यावर हवा सगळ्यात जास्त गेली, हे एका मुलीने स्वतःच्या आलेखात शोधून काढलं. आता ती जोडीदाराच्या खांद्यावरचा हात सोडत नाही.

वासांचा मोह मला सुरुवातीला फार होता. पण विचार करा, मास्क चढवल्यावर वास येतोच कुठे? वासाचा उपयोग मास्क चढवायच्या आधी: आगीची वर्दी आलेल्या ठिकाणी उतरल्यावर गॅसचा वास आला का, जळकं प्लास्टिक आहे की लाकूड. तेवढंच ठेवलं तर चांगलं काम होतं. फक्त खोलीला एक्झॉस्ट पंखा हवाच. आमच्याकडे तो नव्हता, तेव्हा आधीच्या फेरीतला जळक्या वायरचा वास पुढच्या गॅसगळतीत मिसळून मुलांचा अंदाज चुकायचा.

होज रीलचा ओढा सुरुवातीला दमदार वाटतो. खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर १३ मिलिमीटरचं नोझल ७ बारला साधारण १८५ न्यूटनने मागे रेटतं, म्हणजे १९ किलोच्या आसपास. संचाचा ओढा त्यापेक्षा कमी आहे, पण पाय रोवून उभं राहायची सवय लावण्याइतका आहे. होजचं वजन मात्र तो देऊ शकत नाही. ६३ मिलिमीटरच्या १५ मीटर होजमध्ये सत्तेचाळीसेक लिटर पाणी मावतं. ते ओझं कोपऱ्यावरून ओढताना दोन माणसांची जी दमछाक होते ती इथे नाही. त्याचा सराव मैदानातच करावा लागतो.

मळमळ जवळपास प्रत्येक तुकडीत एकदोघांना होते, बहुतेक वेळा बटण दाबून पुढे सरकल्यावर. डोळे सांगतात चाललो, कान आणि पाय सांगतात जागेवरच आहे. आम्ही ते बटण बंद करून टाकलं. खोलीत मावेल तेवढाच प्रसंग, आणि तो स्वतःच्या गुडघ्यांवर. एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. एका अनुभवी जवानाला आभासी जिन्यात जुनी खरी आग आठवली. तो जागीच बसला, हात थरथरत होते. आम्ही लगेच मास्क काढला, त्याच्याजवळ बसून राहिलो. आता फेरीपूर्वी प्रत्येकाला एकांतात विचारतो, आणि हात वर केला की काही न विचारता सगळं बंद.

खऱ्या आगीचा सराव यामुळे थांबवावा का? नाही. पण आगीत उतरायच्या आधी किती गोष्टी पक्क्या करून घेता येतील, याची मोजणी करायला हवी. सरावातही माणसं गेली आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे सरावात दोन अग्निशामक दगावले, त्यानंतर १९८६ मध्ये खऱ्या आगीच्या सरावासाठी एनएफपीए या तिथल्या अग्निसुरक्षा संघटनेचं १४०३ हे मानक आलं. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकांचा कामात घातक पदार्थांशी येणारा संपर्क माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. शिकाऊ मुलगा त्या धुरात मोजक्या वेळा जातो. प्रशिक्षक प्रत्येक तुकडीबरोबर जातो. माझे दोन सहकारी वीसवीस वर्षं जात आहेत. पहिल्या चुका धुराशिवाय होऊन गेल्या तर आम्हा सगळ्यांच्याच वाट्याचा धूर कमी होतो, आणि माझ्यासाठी हे मोठं कारण आहे.

राहिली भिंत. धुरात आम्ही भिंत धरून शोध घ्यायला शिकवतो, आणि दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने त्याची ऊब बघायला. इथे हात भिंतीतून आरपार जातो. तिसऱ्या महिन्यापर्यंत मुलांनी भिंत चाचपणं सोडून दिलं होतं, आणि एकाने खऱ्या स्मोक चेंबरमध्येही (सरावासाठी धूर भरलेल्या खोलीत) दार सरळ ढकललं. ते पाहिल्यावर आम्ही सुताराकडून चौकटीसकट एक साधं दार बनवून घेतलं, दोन्ही बाजूंना प्लायवूडची भिंत लावली आणि आभासी दाराच्या नेमक्या जागी ते उभं केलं. जुळवायला दोन दिवस गेले. आता मास्कमध्ये दार दिसतं तिथेच हाताला लाकूड लागतं, आणि ते पुन्हा हात उलटा करून बघायला लागलेत. हे दार आत उघडतं. बाहेर उघडणाऱ्याची चौकट या आठवड्यात तयार होतेय.