जुना कागद जिथे झाला ती जागा : बॉस्के रेडोंडो स्मारक, फोर्ट समनर

तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा ऐकला. कुणीतरी म्हातारा सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायचा, तिच्यातून घड्यांवर फाटायला आलेला कागद काढायचा, टेबलावर हलक्या हाताने उलगडायचा आणि विचारायचा, "भाऊसाहेब, ह्यो कागद चालतो का?" कधी चालायचा, कधी नाही. नाही म्हणताना त्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही.

हे आधी सांगतोय, कारण न्यू मेक्सिकोतल्या या स्मारकाला मी पाचपैकी पाच देणार आहे आणि ते का, ते या प्रश्नाशिवाय सांगता येणार नाही.

मुलगी अल्बुकर्कीला असते. मे-जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे होतो. फिरण्याच्या याद्यांत बॉस्के रेडोंडोचं नाव सहसा नसतं. तिनेच एका रात्री जेवताना सांगितलं, "बाबा, इथून अडीच तासांवर एक जागा आहे. तिथे एका जमातीने सरकारशी करार केला आणि आपली जमीन परत मिळवली. त्या कराराला ते लोक 'जुना कागद' म्हणतात." त्यांच्या भाषेत नाल्त्सोस सानी. मी म्हटलं, उद्याच निघू.

त्या रात्री तिने अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मूळ कराराच्या प्रती छापून दिल्या. रेघा मारलेल्या वहीच्या कागदावर हाताने लिहिलेला मजकूर. मोडी वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना ते वळणदार इंग्रजी अवघड गेलं नाही. जिथे अडलं तिथे मुलगी होतीच.

आता थोडी हकिगत. नॅव्हाहो लोक स्वतःला दिने म्हणतात. १८६३-६४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या जनरल कार्लटनच्या हुकुमावरून किट कार्सनच्या फौजेने त्यांचा मुलूख जाळत नेला. उभी पिकं, मेंढरं, कॅन्यन डी शे या दरीतल्या पीचच्या बागा, काहीही ठेवलं नाही. उपाशी पडलेले लोक शरण आले आणि त्यांना टोळ्याटोळ्यांनी पाचशे किलोमीटरच्या वर चालवत पेकोस नदीच्या काठच्या फोर्ट समनर या लष्करी छावणीत आणलं. वाटेत जे मागे पडले ते मागेच राहिले. सुमारे साडेआठ हजार दिने आणि मेस्कलेरो अपाची या दुसऱ्या जमातीचे चार-पाचशे लोक इथे डांबले होते. नदीचं पाणी खारट, मक्याला दरवर्षी अळी, सरपणाला मेस्कीट या काटेरी झुडपाची मुळं उकरून कोसच्या कोस पाठीवर वाहायची. चार वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. दिने या जागेला ह्वेल्दी म्हणतात.

अल्बुकर्कीहून आय-४० ने सांता रोझापर्यंत पूर्वेला, तिथून यूएस-८४ ने दक्षिणेला. रस्ता सरळ आणि रिकामा आहे. फोर्ट समनर हे लहानसं गाव. गावात शिरल्यापासून बिली द किड या दरोडेखोराच्या पाट्या लागतात. १८८१ साली तो याच छावणीच्या जुन्या इमारतीत मारला गेला (तोवर ती एका बड्या जमीनदाराच्या घराण्याकडे गेली होती), आणि त्याची कबर स्मारकापासून हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा कबरीपाशी चार गाड्या होत्या आणि स्मारकापाशी आमची एक. कबर बघून लोक गाड्या वळवत होते. मला त्याचं फार वाईट वाटलं. एवढं ऊन खाऊन इथवर यायचं आणि अर्ध्या मैलावरून परत फिरायचं!

इमारत दुरूनच नजरेत भरते. एक भाग दिने लोकांच्या होगान घरासारखा, दुसरा अपाचींच्या टोकदार तंबूसारखा. डेव्हिड स्लोन या नॅव्हाहो वास्तुविशारदाने ती रचली आणि २००५ मध्ये ती खुली झाली. त्याआधीची गोष्ट मात्र इथे येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे. १९९० मध्ये काही नॅव्हाहो विद्यार्थी इथे आले. तेव्हा इथे छावणीचा आणि सैनिकांचा इतिहास मांडलेला होता. त्या मुलांनी एक पत्र लिहून ठेवलं : आमच्या पूर्वजांचं इथे खरोखर काय झालं ते तुम्ही सांगत नाही. त्या पत्रानंतर पंधरा वर्षांनी ही इमारत उभी राहिली. शाळेतल्या पोरांचा अर्ज मंजूर व्हायला पंधरा वर्षं लागली, पण मंजूर झाला.

आतलं प्रदर्शन मी इथे उलगडत बसत नाही. ते पायाने फिरून बघायचं आहे. दुःख सांगितलंय, पण दया मागितलेली नाही, एवढं सांगतो. घाई करू नका. आम्हाला दोन तास लागले आणि हिचे गुडघे दुखत असूनही ती एकदाही बसली नाही.

माझा खरा वेळ गेला बाहेर, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर. सावली धरून बसलो, छापील प्रती मांडीवर घेतल्या आणि आयुष्यभर जे काम केलं तेच केलं. चतुःसीमा आधी, मग अटी, मग सह्या.

तारीख १ जून १८६८. सरकारतर्फे जनरल शर्मन आणि सॅम्युअल टॅपन. एकूण तेरा कलमं. दुसऱ्या कलमात दिने लोकांसाठी राखून ठेवलेल्या मुलखाच्या चतुःसीमा : उत्तरेला ३७वी अक्षांशरेषा, दक्षिणेला जुन्या फोर्ट डिफायन्समधून जाणारी पूर्व-पश्चिम रेषा, पूर्वेला अस्वलाच्या झऱ्याजवळच्या जुन्या किल्ल्यातून जाणारी रेखांशाची रेषा, पश्चिमेला सुमारे १०९ अंश ३० मिनिटं रेखांश. पण त्यात एक वाक्य घातलंय : कॅन्यन डी शे पूर्णपणे आत आली पाहिजे. ज्याने दस्त लिहिलेत त्याला कळेल की असं वाक्य आपोआप पडत नाही. समोर बसलेल्या कुणीतरी तिथे बोट ठेवून म्हटलेलं असतं, हे लिहा. दिने लोकांचा बोलणारा पुढारी होता बार्बोन्सितो, आणि त्याची माणसं त्या दरीतली होती.

बोलणी तीन भाषांतून झाली. बार्बोन्सितो दिने भाषेत बोलायचा, हेसुस आर्वीसो ते स्पॅनिशमध्ये सांगायचा, दुसरा दुभाषी स्पॅनिशमधून इंग्रजीत. शर्मनचा विचार या लोकांना आणखी पूर्वेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवायचा होता. बार्बोन्सितोने सांगितलं की आम्हाला चार डोंगर आणि चार नद्या नेमून दिल्या आहेत, त्यांच्या आत राहायचं असं आम्हाला सांगितलेलं आहे. माझ्या मुलखाशिवाय दुसऱ्या कुठल्या मुलखात जा असं मला सांगू नका. ही बोलणी सरकारी कागदात नोंदवलेली आहेत. कागदात नाही ते दिने लोक तोंडी सांगतात. बोलण्यांच्या आधी सगळ्यांनी रिंगण केलं, मध्ये एक कोल्हीण धरली, बार्बोन्सितोने तिच्या तोंडात पांढऱ्या शिंपल्याचा मणी ठेवला आणि तिला सोडलं. ती सावकाश पश्चिमेकडे, घराच्या दिशेने चालू लागली. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसा हा कौल होता आणि तो उजवा आला.

मग कलमं. १५,००० मेंढ्या-बकऱ्या, ५०० गुरं, १० लाख पौंड मका. सहा ते सोळा वर्षांची मुलं शाळेत पाठवायची आणि दर ३० मुलांमागे सरकारने एक शिक्षक द्यायचा. याच कलमाच्या आधाराने पुढे मुलं घरापासून तोडून वसतिशाळांत नेली, त्यांची भाषा मोडली. म्हणून हा करार निव्वळ चांगला असं मी म्हणणार नाही. हद्दीबाहेरच्या मुलखावरचा वस्तीचा हक्क सोडायचा, रेल्वेला विरोध करायचा नाही. आणि दहावं कलम : राखीव जमिनीचा कुठलाही भाग द्यायचा असेल तर जमातीतल्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची सही लागेल. या कलमापाशी मी थांबलो. घरातल्या एकाला गाठून अंगठा घ्यायचा आणि सगळ्यांची जमीन लिहून घ्यायची, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय. इथे ते दार बंद केलेलं दिसलं.

शेवटच्या पानांवर २९ दिने पुढाऱ्यांची नावं आहेत. बार्बोन्सितो, अर्मिहो, मनुएलितो, गनादो मुचो आणि बाकीचे. नावं दुसऱ्याने लिहिलेली आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एक फुली. आपल्याकडे जुन्या दस्तांवर कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असायची. पुढे "निशाणी डाव्या हाताचा अंगठा, दस्तुर अमुक" आलं. मी बोटाने एकेक फुली मोजली. काही सरळ आहेत, काहींचा एक पाय लांब गेलाय. लेखणी हातात धरायची सवय नसलेल्या माणसाचा हात असाच जातो.

आता तो प्रश्न. हा कागद चालतो का?

चालतो. आणि कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. राखीव भागातल्या गनादो गावी एका बाहेरच्या दुकानदाराने एका नॅव्हाहो जोडप्याला उधारीवर माल दिला आणि वसुलीसाठी ॲरिझोना राज्याच्या कोर्टात दावा लावला. जोडप्याचं म्हणणं, आम्ही आमच्या हद्दीत राहतो, न्याय आमच्या जमातीच्या कोर्टात होईल. १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जोडप्याची बाजू घेतली आणि आधार धरला तो या १८६८च्या कराराचा. किराण्याच्या उधारीचा खटला, पण त्यातून ठरलं की त्या हद्दीतल्या अशा व्यवहाराचा दावा राज्याच्या नाही, जमातीच्या कोर्टात चालेल. पुढे रोझलिंड मॅक्लनहन या नॅव्हाहो बाईने राज्याच्या १६ डॉलर २० सेंट आयकराच्या कपातीवरून कोर्टात भांडण नेलं. तिची सगळी कमाई हद्दीतली होती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीही जिंकली, पुन्हा याच कराराच्या बळावर. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, १८७१ मध्ये जमातींशी करार करणंच बंद केलं. म्हणजे हा कागद झाला तेव्हा दार मिटायला तीन वर्षं उरली होती. १८६८ मध्ये मिळालेली सुमारे ३५ लाख एकर जमीन पुढे वाढत आज १ कोटी ७० लाख एकरांच्या वर आहे. तिथे त्यांचं विधिमंडळ, त्यांची कोर्टं, त्यांचे पोलीस आहेत आणि १ जूनला त्यांची सुट्टी असते.

एका बाबतीत मात्र तो पुरला नाही. कोलोरॅडो नदीच्या पाण्याबाबत सरकारने आमच्या गरजा पाहून पावलं उचलावीत, हे या कराराने बांधील आहे, असं नॅव्हाहो नेशनचं, म्हणजे त्यांच्या सरकारचं, म्हणणं होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते फेटाळलं. बियाणं द्यायचं लिहिलंय, शेती करा असं लिहिलंय, मेंढ्या मोजून दिल्यात, आणि पाण्याचं लिहिलं नाही म्हणून बांधील नाही! पाण्यावाचून मेंढरू जगतं का? मी कायद्याचा पंडित नाही, पण माझ्या मते त्या चार न्यायाधीशांनी कागद नीट वाचला.

उठून निघालो तेव्हा एक कुटुंब आलं होतं. आवारात दगडांचा एक ढीग आहे. दिने लोकांनी आपापल्या गावाकडून आणलेले दगड तिथे रचलेत. आजी, तिचा मुलगा आणि दोन नातवंडं. आजीने पर्समधून मुठीएवढा तांबडा दगड काढला, तळव्याने पुसला आणि वाकता येत नव्हतं म्हणून नातीच्या हातात दिला. नातीने तो आधी एका जागी ठेवला. हलतोय असं वाटलं म्हणून उचलून दुसऱ्या जागी घट्ट बसवला. आमच्या मुलीने फोटोसाठी फोन वर केला होता, तिला मी खुणेने नको म्हटलं. आम्ही बाजूला उभे राहिलो. जाताना आजीने आमच्याकडे बघून मान हलवली, हिनेही हलवली.

जाणाऱ्यांसाठी : उन्हाळ्यात टोपी आणि भरपूर पाणी. गाव लहान, तेव्हा खाणं बरोबर असू द्या. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उपयोगी पडली. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. पाचवी-सहावीच्या पुढची मुलं असतील तर जरूर न्या, आणि कराराची प्रत छापून न्या. ज्यांना मूळ प्रतीचं दर्शन घ्यायचं असेल त्यांच्यासाठी आणखी एक : टॅपनची प्रत त्याच्या नातलगांच्या घरी मॅसॅच्युसेट्समध्ये माळ्यावर सापडली आणि २०१९ मध्ये त्यांनी ती नॅव्हाहो नेशनला दिली. ती आता नॅव्हाहो नेशनच्या राजधानीत, विंडो रॉकला आहे. पुढच्या खेपेला आमचं तिकडे जायचं ठरलंय.

परतताना संध्याकाळच्या सुमारास अल्बुकर्की गाठा आणि शहरात उतरताना समोर, पश्चिमेला बघा. हवा स्वच्छ असेल तर लांबवर एकटा निळा डोंगर दिसतो. माउंट टेलर, दिने लोकांचा त्सोडझिल, नेमून दिलेल्या चार डोंगरांपैकी एक. जून १८६८ मध्ये ते दहा मैल लांबीच्या रांगेने परत निघाले. मनुएलितोने पुढे सांगून ठेवलंय की अल्बुकर्कीहून त्या डोंगराचा माथा दिसला तेव्हा हा आपलाच डोंगर का, असं वाटलं, आणि जमिनीशी बोलावंसं वाटलं. म्हातारी माणसं रडली. मी कराराच्या चतुःसीमेत तो डोंगर शोधला. पूर्वेची रेषा त्याच्या बरीच पश्चिमेला थांबते, म्हणजे डोंगर हद्दीबाहेरच राहतो. तीन आठवडे मुलीच्या गच्चीतून चहा घेताना रोज तो दिसत होता आणि मी त्याचं नाव विचारलं नव्हतं.