१०० किलोचा चालक, मागचा टायर आणि स्टिकरवरचे दोन आकडे

आठ-नऊ महिन्यांपूर्वी या टायरबद्दल लिहायला बसलो असतो, तर "घेऊ नका" एवढंच लिहून मोकळा झालो असतो. माझ्या मोटरसायकलच्या मागच्या टायरचा मधला पट्टा पार सपाट झाला होता आणि दोन्ही कडांची नक्षी मात्र जवळपास नवी होती. वळणावर गाडी कलवली की त्या सपाट भागाची कड लागायची आणि गाडी सावकाश कलण्याऐवजी एकदम खाली जायची. धाकट्या भावाची गाडी त्याच मॉडेलची, टायर त्याच आठवड्यात बसवलेला, रोजचा रस्ताही बराचसा एकच. त्याचा टायर मात्र अजून गोल होता. त्याचं वजन ६२ किलो, माझं १००.

आज त्याच मॉडेलचा दुसरा टायर माझ्या गाडीला आहे. पहिला जेवढा चालला तेवढा हाही चालून झालाय आणि मी पूर्ण समाधानी आहे. रस्ते तेच, वजन तेच. बदलली ती मागच्या चाकातली हवा. टायरची मापं, गाडीचा गट वगैरे सगळ्यांना माहीत असतं, त्यात जात नाही. १५०-१६० सीसीच्या गाड्यांना येतो तो नेहमीचा १७ इंची ट्यूबलेस.

आधी भांडणाचं सांगतो. पहिला टायर बसवताना दुकानातल्या माणसानेच सांगितलं होतं, "साहेब, तुमचं वजन आहे, मागे ३६ ठेवा. टायर दबायला नको." मी काटेकोरपणे ३६ पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते दाबाचं एकक) ठेवली. टायर मधून गेल्यावर वॉरंटीसाठी गेलो, तर त्याच काउंटरवर उत्तर मिळालं की मधली झीज म्हणजे हवा जास्त आणि लवकर झीज म्हणजे चालक जड, दोन्हींत टायरचा दोष नाही, क्लेम बसत नाही. मधल्या झिजेचं निदान बरोबर होतं. पण ते बसवायच्या दिवशी सांगायला हवं होतं. ३६ सांगणारा माणूस तिथेच उभा होता आणि त्याला आपण काय सांगितलं हे आठवतही नव्हतं. टायर हा जीव टांगून ठेवायचा भाग आहे, त्याच्या हवेचा आकडा असा तोंडाला येईल तो सांगू नये.

हा ३६ आला कुठून, ते टायरच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. माझ्या टायरवर कमाल भार २३० किलो आणि त्यासोबत २५० किलोपास्कल, म्हणजे ३६ पीएसआय, असं छापलं आहे. याचा अर्थ एवढाच की एका टायरवर २३० किलोपर्यंत भार टाकायचा असेल, तर थंड, म्हणजे बराच वेळ न चाललेल्या, टायरमध्ये एवढी हवा लागते. हा रोजचा आकडा नाही. रोजचा आकडा टायर बनवणारा देत नाही, गाडी बनवणारा देतो. तो चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो.

त्या स्टिकरवर माझा खरा राग आहे. आगपेटीएवढा कागद, तोही चेनच्या ग्रीसने माखणाऱ्या जागी चिकटवलेला, आणि त्यावर मागच्या चाकासाठी फक्त दोन आकडे: एकटा असाल तर २८, डबलसीट असाल तर ३३. एकटा म्हणजे किती किलोचा? ५० किलोची मुलगीही एकटी आणि ११० किलोचा माणूसही एकटाच. युरोपातल्या मोटरसायकलच्या नियमांत चालकाचं वजन ७५ किलो धरतात. माझ्या स्टिकरवर कुठलंच वजन नाही. वॉशिंग मशीनवर किती किलो कपडे टाकायचे ते लिहितात, पण ज्या यंत्राचा तोल दोन चाकांवर आहे त्याच्यावर माणसाचं वजन लिहायला जागा मिळत नाही. इंजिनाची ताकद टाकीवर मिरवणाऱ्यांनी या कागदावर जड चालकासाठी तिसरी ओळ टाकली, तर लाखो टायर जास्त चालतील.

ती ओळ मग मीच काढली. सामान तोलायच्या काट्यावर गाडीचं मागचं चाक ठेवलं, पुढच्या चाकाखाली काट्याएवढ्याच उंचीची फळी. मग उलटं करून पुढचं चाक. नुसती गाडी, टाकी भरलेली: पुढे ६९, मागे ७६ किलो. मी बसलो तर पुढे ९९, मागे १४६. म्हणजे माझ्या १०० किलोंपैकी ७० मागच्या चाकावर गेले. भाऊ बसला तर मागे ११९. त्याच हिशोबाने ७५ किलोचा चालक मागे साधारण १२८ टाकेल आणि त्याच्यामागे तेवढ्याच वजनाचं माणूस बसलं तर १९८ च्या घरात, कारण मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावरच जातं.

आता १२८ ला २८ आणि १९८ ला ३३. माझे १४६ या दोहोंच्या मधे, पहिल्या पाव भागात. उत्तर येतं २९ आणि थोडं वर. माझी कामाची जड बॅग मागच्या सीटवर असते, म्हणून मी ३० धरले. ३६ च्या जवळपासही नाही.

इथे माझं एक ठाम मत बदललं. वजन जितक्या पटीत वाढतं तितक्या पटीत हवा वाढवायची, हा हिशोब मला अगदी तर्कशुद्ध वाटायचा आणि दुकानदाराच्या डोक्यातही बहुधा तोच होता. भावाच्या ११९ किलोंना २८, तर माझ्या १४६ ना ३४ च्या पुढे. पण स्टिकरच हा हिशोब खोटा ठरवतो. एकट्यापासून डबलसीटपर्यंत मागचा भार दीडपटीहून जास्त वाढतो आणि कंपनी हवा वाढवते जेमतेम १८ टक्के. म्हणजे भार वाढला की टायरने थोडं जास्त पसरावं, हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलं आहे, आणि त्यामागे कारण आहे. रस्त्याला टेकलेल्या रबराचा तुकडा ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब एवढा असतो. १४६ किलो ३६ पीएसआयवर ठेवले तर तो ५८ चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतो, भावाच्या २८ वरच्या तुकड्याहून किंचित लहानच. पण मी आणि गाडी मिळून २४५ किलो, तो आणि गाडी २०७. तेवढ्याच वेगावरून थांबायला किंवा तेवढाच वेग पकडायला माझ्या टायरला १८ टक्के जास्त जोर लावावा लागतो, आणि तो तेवढ्याच रबरातून, तेही सगळं मधल्या पट्ट्यातून. रबर घासलं जाणारच. ३० वर तोच तुकडा ६९ च्या घरात जातो, जोर जास्त जागेवर वाटला जातो. टायरची भिंतही थोडा भार पेलते, त्यामुळे हे आकडे अगदी नेमके नाहीत, पण कल कुठे आहे ते कळतं.

मग जड माणसाने २८ च का ठेवू नये? तेही करून पाहिलं. त्यात टायर दर फेऱ्याला जास्त दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता तयार होते, आणि उष्णता टायरच्या आतल्या धाग्यांची शत्रू आहे. रायडर लोकांत दहा टक्क्यांचा एक ठोकताळा चालतो: लांब पल्ल्यानंतर गरम टायरचा दाब थंड दाबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढला, तर सुरुवातीला हवा कमी होती. २८ वर माझा दाब ३२ ला पोचायचा. ३० वर तशाच हवामानात, तशाच रस्त्यावर ३३. खड्ड्यात रिमला बसणारा ठोकाही कमी झाला.

झिजेचं मोजमाप खाचेची खोली मोजायच्या पट्टीने केलं. नवा टायर मधे ७ मिमी. साधारण सारख्याच धावेनंतर, ३६ वर चाललेला माझा पहिला टायर ३ मिमी उरला होता, भावाचा २८ वरचा ४.२, आणि ३० वर चाललेला माझा दुसरा ३.८. म्हणजे वजनाची किंमत मोजावी लागतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या पहिल्या टायरच्या जादा झिजेतला मोठा वाटा वजनाचा नव्हता, चुकीच्या आकड्याचा होता. "तुम्ही जड आहात, टायर लवकरच जाणार" असं जे काउंटरवरून सांगितलं जातं, त्यात तथ्य थोडं आणि जबाबदारी झटकणं जास्त. दुसऱ्या टायरचा आकारही अजून गोल आहे आणि वळणावरचा तो झटका नाही.

काटकसरीच्या माणसाला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. माझा सगळा शोध २८ आणि ३० मधल्या दोन पीएसआयचा होता. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मशीनने ३० दाखवलं, तेव्हा घरच्या डिजिटल गेजने २७ दाखवलं. दुसऱ्या पंपावर उलटं, तिथे ३० म्हणजे ३२. जाड आणि बारीक चालकातल्या फरकापेक्षा मशीनची चूक मोठी! स्वतःचं गेज नसेल तर वर लिहिलेलं सगळं वाया आहे. ते एकदाच घ्यायचं असतं आणि एका टायरच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. गाडी किमान दोन-तीन तास उभी असताना मोजावं, चालवून आल्यावर वाढलेला आकडा बघून हवा सोडू नये. हवामान दहा अंशांनी थंड झालं की सुमारे दीड पीएसआय आपोआप उतरतो, त्यामुळे ऋतू बदलला की पुन्हा बघायचं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि दर पंधरवड्याला गेज लावणाऱ्याला बाकीच्याने फरक पडत नाही.

हवेइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मागचा शॉकअप. तो कंपनीतून सरासरी माणसासाठी लावलेला येतो. माझ्या वजनाने तो आधीच बराच बसलेला असायचा, त्यामुळे छोट्या खड्ड्यालाही तळाशी जायचा आणि राहिलेला धक्का टायर सोसायचा. स्प्रिंगची खाच दोन घरं घट्ट केली. गाडीचा मागचा भाग वर आला, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायचा थांबला आणि हँडलही पूर्वीइतकं जड राहिलं नाही. हे करायला पाना सोडून काही लागत नाही, तरीही सर्व्हिसिंगला आजवर कोणी माझं वजन विचारलेलं नाही.

भाराचा अंक न बघता टायर घेऊ नका, हे जड चालकांना कळकळीने सांगतो. मापाच्या शेवटी ५७पी, ६२एस असं काहीतरी असतं. ५७ म्हणजे २३० किलो, ६२ म्हणजे २६५, आणि अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. दुकानात मला त्याच रुंदीचा, स्वस्त, ५२ अंकाचा टायर दाखवला होता. ५२ म्हणजे २०० किलो. माझे १४६, मागे ६५ किलोचं माणूस आणि थोडं सामान धरलं की मागच्या चाकावर २१५ च्या पुढे जातं. तो टायर गाडीवर बसला असता, चाललाही असता, आणि प्रत्येक डबलसीट प्रवासात आपल्या मर्यादेपलीकडे राबला असता. असा टायर जड माणसाला विकणं मला गुन्ह्यासारखंच वाटतं. डबलसीट जाताना मी मागे ३४ करतो, कारण हवा कमी असेल तर बाजूवर छापलेली भार पेलायची क्षमताही कमी होते. परत आलो की पुन्हा ३०.

पुढच्या चाकाचं फार काही नाही. ७५ किलोच्या चालकापेक्षा माझे तिथे सात-आठ किलोच जास्त पडतात. स्टिकरवर २५ आहे, मी २६ ठेवतो, टायर सरळ झिजतोय.

टायरबद्दलच्या खऱ्या तक्रारी दोनच. पहिले काही शे किलोमीटर ओल्या रस्त्यावर तो घसरडा वाटला, वरचा थर घासला गेल्यावर ते गेलं. आणि मधल्या अरुंद खाचेत बारीक खडे अडकतात, ते काढावे लागतात. बाकी पकड, आवाज, खड्ड्यातलं वागणं, सगळं चांगलं.

खाचेतल्या झिजेच्या खुणेला टेकायला अजून बरंच रबर आहे. टेकला की हाच टायर, हाच अंक घेणार, फक्त दुसऱ्या दुकानातून. भावाने त्याच्या स्टिकरखाली कायम मार्करने तिसरा आकडा लिहून ठेवलाय, "दादाने गाडी नेली तर ३०".