मशीनचं तेल गाळायचं कुठे: मुख्य लाइनवर की बाजूच्या लूपमध्ये?

मुख्य लाइनवरच्या फिल्टरला पंपाचा सगळा प्रवाह पेलावा लागतो. जाळी फार बारीक केली तर पुढचा दाब कमी होतो, म्हणून तो बहुधा 10 ते 25 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थांबतो. त्यात थंडीत तेल घट्ट झालं किंवा एलिमेंट (फिल्टरमधला गाळणारा भाग) तुंबलं, की फिल्टरला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगकडे जातं. मशीन मात्र चालूच राहते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. डिफरन्शियल प्रेशरचा, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकाचा, इंडिकेटर बघायची सवय नसेल तर हा फिल्टर नावापुरताच.

बाजूच्या लूपला वेगळा छोटा पंप असतो. टाकीच्या तळातून तेल ओढायचं, सावकाश गाळायचं, परत टाकीत सोडायचं. घाई नसल्याने 3 मायक्रॉनपर्यंत सहज जाता येतं. खरी झीज करणारे कण याच आकाराचे असतात, कारण रोलर बेअरिंगमधला तेलाचा थर जेमतेम मायक्रॉनभर असतो. सेल्युलोजचं एलिमेंट थोडंफार पाणीही शोषतं. शिवाय मशीन बंद न करता ते बदलता येतं.

मग लूपच पुरे का? नाही. पंपातून तुकडा सुटला तर त्याला वाटेतच अडवायला मुख्य लाइनवरचाच फिल्टर हवा. लूपपर्यंत तो पोचेस्तोवर व्हॉल्व्हचं वाटोळं झालेलं असतं.

मोठ्या गिअरबॉक्सला किंवा हायड्रॉलिक टाकीला मी दोन्ही लावेन. पाच-दहा लिटर तेलाच्या मशीनला लूप परवडत नाही. तिथे सरळ तेल बदला.