सोहोमधली कॉलरा वॉक : पैसे वसूल, पण गोष्ट अर्धीच

लेकीकडे लंडनला आलोय, तिने वाढदिवसाला सोहो भागातली ही वॉक, म्हणजे 1854 च्या कॉलऱ्याच्या साथीच्या जागा गाइडबरोबर पायी फिरून बघायची, बुक करून दिली, दोन तास, माणशी 15 पौंड. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, गाइड पोरगी गुणी होती, उगाच तिच्या पोटावर पाय कशाला. मी उभी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) यातच केस पिकले, त्यामुळे माझ्या अपेक्षा जरा जास्तच होत्या हे आधीच सांगून ठेवतो.

ब्रॉडविक स्ट्रीटवर, म्हणजे तेव्हाच्या ब्रॉड स्ट्रीटवर, बिनदांड्याचा हापसा उभा आहे. हा 1992 सालचा, नक्कल. मूळचा जिथे होता तिथे पबला लागून फुटपाथच्या कडेला एक लालसर ग्रॅनाइटचा दगड आहे, गाइडने दाखवला नसता तर मी त्याच्यावर पाय देऊन पुढे गेलो असतो, बाकी सगळे जातच होते. पबला नाव डॉक्टर जॉन स्नोचं, आणि हा गडी आयुष्याचा बराच काळ दारूला शिवला नव्हता! इथे सगळे हसले.

1854 च्या 31 ऑगस्टच्या रात्री इथे पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, जोर धरला, दहा दिवसांत आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत पाचशेच्या वर माणसं गेली, शेवटी आकडा 616. तेव्हा सगळे म्हणायचे रोग घाण हवेतून येतो, स्नो म्हणाला पाण्यातून, आणि इथे याच हापशाच्या. गाइडने हे झकास रंगवलं. पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घ्यायच्या जागेत, 535 गरीब कोंबलेले पण मेले फक्त 5, कारण त्यांची विहीर वेगळी. कोपऱ्यावरच्या ब्रुअरीतले सत्तरेक कामगार बिअरवर होते, त्यातलं कोणीच दगावलं नाही. आणि हॅम्पस्टेडच्या एली बाई, त्यांना याच हापशाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ते लांबून मागवायच्या, त्यात गेल्या. माझी आजी पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर सोडायचे ते सांगायची, ते आठवलं आणि अंगावर काटा आला.

आता तक्रार. स्नो 7 सप्टेंबरला संध्याकाळी सेंट जेम्स पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीवरून पडलेला तिथला वॉर्डच समजा) बोर्ड ऑफ गार्डियन्सच्या, म्हणजे गरिबांची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाच्या, बैठकीत जाऊन बोलला आणि दुसऱ्या दिवशी हापसा बंद करायला त्याचा दांडा काढला, हे तिने एका वाक्यात उरकलं आणि पुढच्या दुकानाकडे वळली. अहो थांबा ना! खरी मजा तर इथेच आहे. त्यांना त्याचं म्हणणं पटलं होतं असं नाही, तरी दुसऱ्या दिवशी काम झालं. मी ज्या ऑफिसात होतो तिथे बोअरवेल बंद करायची तर टिपणी, मग साहेबांची सही, मग नगरसेवकांचा फोन की आमच्या वॉर्डातलीच का.

आणि पुढचं तर तिने सांगितलंच नाही. त्याच पॅरिशच्या व्हेस्ट्रीने, म्हणजे तिथल्या जनरल बॉडीने समजा, नोव्हेंबरमध्ये स्वतःची चौकशी समिती नेमली. सरकारच्या आरोग्य मंडळाच्या डॉक्टरांनी स्नोची थिअरी फेटाळून लावली तरी यांनी चौकशी सोडली नाही. त्यात हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री, निघाला होता स्नोला खोटं पाडायला आणि दारोदार फिरता फिरता त्याचंच मत फिरलं. त्यानेच हापशाजवळच्या 40 नंबरच्या घरातलं, साथीच्या सुरुवातीला आजारी पडलेलं तान्हं बाळ शोधलं, आई दुपटी धुऊन पाणी घरासमोरच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतायची. हापशाखालची विहीर आधी एकदा आतून तपासली होती, काही सापडलं नव्हतं. मग यॉर्क नावाच्या सर्व्हेयरने बाजूचा तो मैल्याचा खड्डा उघडला, तर विटा कुजलेल्या आणि खड्डा ते विहीर अंतर 2 फूट 8 इंच. आमच्याकडे 15 मीटर लागतात हो! मी तिथेच छत्री आडवी धरून पाहिली, छत्रीएवढंच अंतर, लेक म्हणाली बाबा लोक बघतायत.

अजून एक, ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी त्या बाळाचे वडील आजारी पडले, त्यांचीही घाण त्याच खड्ड्यात जाणार होती. साथ तेव्हा उतरणीला लागलेली होती, अर्धी वस्ती पळून गेली होती, हे खरं, पण हापसा चालू असता तर पुन्हा भडकली नसती कशावरून? हे सांगायला दोन मिनिटं लागतात, त्याऐवजी आम्ही दहा मिनिटं कुठल्या तरी गायकाच्या फ्लॅटखाली उभे होतो.

1855 च्या कायद्याने लंडनच्या व्हेस्ट्र्यांना आरोग्य अधिकारी नेमणं भाग पडलं आणि 1856 मध्ये इथे एडविन लँकेस्टर आले, त्यांचं तर नावही नाही. मी विचारलं तर म्हणाली, ओह, मी वाचते. वाचेल, पोरगी सिन्सिअर वाटली.

5 पैकी साडेतीन स्टार. सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी पबबाहेर एवढी गर्दी असते की दगड दिसत नाही. आणि हो, दोन तास मैल्याच्या खड्ड्यांवर ऐकायचं आणि वाटेत टॉयलेटचा स्टॉप एकही नाही, चौसष्ट वर्षांच्या माणसाने काय करायचं, शेवटी नको असलेली कॉफी विकत घेऊन सोय करावी लागली.