सौर झटका मशीन: जंगलालगतच्या वावरासाठी घ्यावं का?

सौर झटका मशीन म्हणजे जंगली जनावरं पिकापासून दूर ठेवायला उन्हावर चालणारं, विजेचे झटके देणारं तारेचं कुंपण. घ्यावं, पण मशीनपेक्षा अर्थिंगकडं (करंटच्या जमिनीतल्या जोडणीकडं) जास्त लक्ष द्यायची तयारी असेल तरच.

नेहमीच्या संचात 12 व्होल्टची बॅटरी, 40 वॅटचं पॅनल, मशीन, इन्सुलेटर, तार आणि भोंगा येतो. तारेत साधारण सेकंदाला करंटचा एक ठोका बसतो. दाब 8-10 हजार व्होल्टचा, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. म्हणून जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. लाईनवर आकडा टाकून सोडलेला 230 व्होल्टचा करंट मात्र जनावराला सोडत नाही. एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात ‘जय’ या नावाजलेल्या वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेनं गेला, गळ्यात रेडिओ कॉलर असताना. ताडोब्यातून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याकडं निघालेल्या वाघाला धानाच्या बांध्यांतूनच जावं लागतं. मधलं जंगल सलग उरलंय कुठं?

तक्रारी बहुतेक अर्थिंगच्याच असतात. संचातली दीड फुटाची सळई काहीच कामाची नाही. 5 फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप तीन घ्या, 10-10 फुटांवर ठोका, एकाच तारेनं जोडा. करंट जनावराच्या पायातून मातीत आणि मातीतून मशीनकडं परत आला, तरच झटका बसतो. हरभऱ्याच्या दिवसांत काळी माती भेगाळली की ही वाट तुटते, रानडुक्कर खुशाल आत शिरतं, आणि मशीन बोगस ठरतं. मग पुन्हा आकडा! दर दोन-तीन दिवसांनी पाईपाशी बादलीभर पाणी ओता.

डुकरासाठी तारा 9 इंच, दीड फूट आणि 3 फुटांवर. रोही (नीलगाय) येत असतील तर 4 आणि 5 फुटांवर आणखी दोन. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की दाब गळतो. रात्री धुऱ्यानं चाललं तर टक-टक ऐकू येतं, ओल्या पात्याशी निळी ठिणगी दिसते. तिथं विळा चालवा. शेवटच्या टोकाला टेस्टर 4 हजारांच्या खाली दाखवत असेल, तर डुकराच्या राठ केसांतून काही लागत नाही. इन्सुलेटरऐवजी सायकलची ट्यूब गुंडाळू नका, उन्हानं ती तडकते. पॅनल बिघडलं तरी कुंपणाची तार घरच्या लाईनला कधीच जोडू नका.

एक दोष मशीनच्या जातीचाच आहे. झटका बसल्यावर खवल्या मांजर पळत नाही, अंगाची गुंडाळी करतं. खालची तार त्यात सापडली तर ठोके खात तिथंच मरतं. पीक निघालं की मशीन बंद करा, खालची तार सोडवा. कुंपण पिकापुरतंच घाला. नाला आणि पांदण मोकळी ठेवा, जनावरांची ये-जा तिथूनच असते.

श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत 75 टक्के अनुदान आहे. अर्थिंगचे पाईप आणि टेस्टर मात्र बहुधा वेगळे घ्यावे लागतात, दुकानात आधीच विचारा.