खंड फॉन्ट: नऊ महिने वापरल्यावर

'नांदगाव खंडेश्वर' हे नाव आठ बाय तीनच्या फ्लेक्सवर एका ओळीत बसवायचं, तेही ठळक. आमच्या दुकानात याला वर्षानुवर्षं एकच उपाय होता. अक्षरं आडवी दाबायची, सत्तर टक्क्यांवर आणायची. पण तसं केलं की काना बारीक होतो आणि शिरोरेघ तेवढीच जाड राहते. शब्द डोक्यावर भारा घेतल्यासारखा दिसतो.

पोळ्याच्या गर्दीत 'खंड' लावून पाहिला. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. परवाना मुक्त आहे, त्यामुळे धंद्यात बिनधास्त वापरता येतो. लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. तो मुळातच अरुंद घडवलेला आहे, आणि खरी गंमत तिथंच आहे. रेघेची जाडी सगळीकडं जवळपास सारखी. अक्षरांच्या बाजू चपट्या, म्हणून 'व', 'ब' फुगत नाहीत, शेजारच्या अक्षराला खेटून उभे राहतात. तरी पोटातली जागा मोकळी राहते. जिनिंगसमोरचा 'कापूस खरेदी सुरू' रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून स्वच्छ वाचता येतो, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

युनिकोड असल्यानं गिऱ्हाईकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर सरळ चिकटवता येतो. फक्त 'शेतकऱ्यांना' सांभाळा. साधा 'र' टाइप केलेला असला तर 'शेतकर्यांना' उमटतं. वीस फुटी फ्लेक्स त्यापायी मला पुन्हा छापून द्यावा लागला.

बारीक मजकुराला मात्र हा फॉन्ट नको. बोल्ड लहान आकारात छापला की 'ध'च्या डोक्यावरची फट शाईनं बुजते आणि 'वर्धा'चं 'वर्घा' होतं. 'भ'चंही तेच. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुक असतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं, "भाऊ, माझं नाव दिसलं पायजे." त्या नावांना मी 'मुक्ता' हा दुसरा फॉन्ट वापरतो. दोन ओळींत अंतरही जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. लांब मथळ्याला सेमीबोल्ड पुरे. बोल्ड एक-दोन शब्दांपुरताच ठेवा.

सगळ्यात जास्त सुख रेडियम स्टिकरच्या कामात मिळालं. नक्षीदार फॉन्टची निमुळती टोकं कटिंगनंतर सोलतानाच फाटायची, वाचली तर आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उचलायची. खंडमध्ये तशी टोकंच नाहीत. मार्चमध्ये एका ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मालकाचं आणि गावाचं नाव लावलं होतं. परवा ती ट्रॉली बाजारात उभी दिसली. जवळ जाऊन 'श्व'च्या कडेवर नख फिरवलं, कुठंच सुटलेलं नव्हतं.